झबलं वर करून

आषाढात आमच्याकडे पाऊस लागला की घरातल्या घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. पुढची पडवी पत्र्याची, मागचं माजघर कौलारू, दोन्हींवरचा आवाज वेगळा. त्या आवाजात तीन महिन्यांच्या बाळाचा श्वास ऐकू येत नाही. तो डोळ्यांनी बघावा लागतो. २०२३च्या जुलैपर्यंत मला हे माहीत नव्हतं.

आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या अंगाला. कागदोपत्री आम्ही महाराष्ट्रातले, सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. पण नोकरी, बाजार, दवाखाना सगळं गोव्याकडे तोंड करून आहे. जिल्ह्याचं ठिकाण ओरोस आम्हाला लांब, म्हापसा जवळ. घरातले पुरुष पहाटे नाहीतर संध्याकाळी सीमा ओलांडून कामाला जातात. माझा नवराही त्यातलाच, आणि त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती. घरात सासू-सासरे, जाऊबाई, त्यांचा पहिलीतला मुलगा, मी आणि आमची चेडू, म्हणजे माझी मुलगी.

सर्दी त्या पहिलीतल्या मुलाबरोबर शाळेतून आली. त्याचा काय दोष? दप्तर टाकलं की तो आधी बहिणीपाशी धावायचा, तिच्या गालाला गाल लावायचा. त्याचं नाक दोन दिवसांत कोरडं झालं. हिचं वाहायला लागलं ते थांबेना. एवढी लहान मुलं श्वास जवळजवळ नाकानेच घेतात, तोंडाने घ्यायचं त्यांना नीट कळत नाही. नाक चोंदलं की दूध ओढायचं का श्वास घ्यायचा, असा पेच पडतो. ती दोन घोट घ्यायची, सोडायची, रडायची, परत तोंड लावायची. मला वाटलं, माझंच दूध कमी झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि जाऊबाई तिला बाजारपेठेतल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेलो. पावसाचे दिवस म्हणून तिच्या अंगात दोन झबली, वर लोकरीचं स्वेटर, डोक्याला टोपडं आणि सगळ्यावरून दुपटं. बाहेर वीसएक पेशंट होते. डॉक्टरांनी वय विचारलं, वजन विचारलं, स्वेटरवरूनच नळी टेकवली आणि दोन बाटल्या लिहून दिल्या. एक सर्दीची, एक खोकल्याची. आम्ही तीन मिनिटांत बाहेर आलो. त्यांनी कपडे काढायला सांगितले नाहीत आणि मीही काढले नाहीत. ही गोष्ट मी गेली काही वर्षं मनात वागवते आहे. राग त्या डॉक्टरांचा आहेच, पण तो राग माझ्यापाशी येऊन थांबतो.

त्या बाटल्यांबद्दल एक सांगून टाकते, कारण तान्ह्या मुलाच्या आया अजून मला विचारतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं की क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, आणि बाटलीवर तसं छापावं. माझ्या घरातली बाटली त्याच मिश्रणाची होती. पुढे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याच्या औषधातल्या डायइथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आली आणि त्यांतली कितीतरी गेली. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी ती शांत झाली. दिवसभर किरकिरणारं पोर शांत झालं की घर सुटकेचा श्वास टाकतं. सासूबाई म्हणाल्या, "निजली हा, निजू दे तिका." ओवा तव्यावर भाजून त्याची पुरचुंडी छातीला शेकून झाली होती. शेगडीत निखारे घालून ओव्याचा धूर द्यायचा बेत चालला होता. वीज दुपारपासून गेलेली. मी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि मलाही पटलं होतं की ही झोप आहे.

सातच्या सुमारास ओटीवर छत्री मिटल्याचा आवाज आला. आमच्या वाडीतल्या आशाताई, सरकारी आरोग्य योजनेतल्या आशा स्वयंसेविका. तिसऱ्या महिन्याची भेट राहिली होती, चार दिवस पावसाने यायला मिळालं नव्हतं, म्हणून आज कुणाकडून तरी परतताना वाट वाकडी करून आल्या होत्या. साडीचा ओचा गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्यांनी आधी साबण मागितला आणि पागोळीखाली उभ्या राहून कोपरापर्यंत हात धुतले. मग माझ्यासमोर येऊन बसल्या, चेडूचा चेहरा बघितला, आणि कपाळाला हात लावायच्या आधी म्हणाल्या, "झबला वायच वर कर गो."

मी म्हटलं, गार लागेल.

"एक मिनिटच. वर कर."

स्वेटर काढलं, दोन्ही झबली गळ्यापर्यंत सरकवली. जाऊबाईंनी मोबाईलची बॅटरी धरली. आशाताईंनी मनगटावरचं काळ्या पट्ट्याचं घड्याळ सरळ केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आता कोणी बोलू नुको. माका मोजूचा आसा."

ते एक मिनिट मला अजून जसंच्या तसं दिसतं. पिवळट उजेडात तिचं पोट. ते वरखाली होत नव्हतं, उडत होतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली एक खळगा पडायचा, आतून कुणीतरी कातडी ओढून धरल्यासारखा, आणि सुटायचा. पडायचा, सुटायचा. गळ्याच्या खाली दोन हाडांच्या मध्ये तसाच एक छोटा खळगा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. नाकपुड्या फुलत होत्या. आशाताईंचे ओठ हलत होते आणि त्यांची नजर एकदा पोटावर, एकदा घड्याळावर. मी आई. दिवसभर तिला उराशी धरून बसलेली. आणि यातलं काही म्हणजे काही मी पाहिलं नव्हतं, कारण ते सगळं दोन झबल्यांच्या आत होतं.

"बहात्तर," त्या म्हणाल्या. परत एकदा मोजलं. "चौऱ्याहत्तर. ही साधी सर्दी न्हय. पन्नासाच्या वर गेला म्हणजे थांबूचा नाय."

दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६०, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, वर्षापासून पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. आणि छाती आत ओढली जात असेल, पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, आकडी आली असेल, हलवून जागं होत नसेल तर आकड्याचीही वाट बघायची नाही. हे आज मला पाढ्यासारखं येतं.

सासूबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. त्यांनी शेगडी उचलून मागच्या दारी नेली, निखाऱ्यांवर पाणी ओतलं, आत जाऊन तांदळाच्या डब्यातून नोटांची गुंडाळी काढली आणि लुगड्याच्या ओटीत खोचली. "चला," म्हणाल्या. घरात 'चला' म्हणणाऱ्या त्या पहिल्या. ओव्याच्या धुरासाठी अडून बसतील अशी मला भीती वाटली होती.

त्या घड्याळाचा पुढे मी फार विचार करत बसले. ते तिथे कसं आलं? आशाताईंना मिळणाऱ्या पिशवीत थर्मामीटर असतो, वजनाचा काटा असतो आणि ते घड्याळ असतं. त्याची मुळं आमच्यापासून शेकडो कोस दूर, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. मुलं न्यूमोनियाने मरत होती आणि डॉक्टर गावात नव्हता, येण्याची शक्यताही नव्हती. मग त्यांनी गावातल्याच माणसांना, अक्षरओळख नसलेल्या दायांनासुद्धा, श्वास मोजायला शिकवलं. आकडे येत नसलेल्यांसाठी साधन बनवलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला तर न्यूमोनिया, औषध सुरू. त्या कामाचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे नवजात बाळांसाठी घरोघर जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला, आणि १९९९चा त्यांचा अहवाल सांगतो की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ पासून तीच पद्धत आशाताईंच्या हातून देशभर गेली: जन्मल्यापासून बेचाळीस दिवसांत ठरलेल्या घरभेटी. २०१८ पासून पुढच्या भेटी आल्या: तिसरा महिना, सहावा, नववा, बारावा, पंधरावा. आमच्या ओटीवर छत्री मिटली ती या तिसऱ्या महिन्याच्या रकान्यासाठी.

अँब्युलन्सला फोन लावला. जवळची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली होती, परत यायला दीड तास. शेजारच्या आबांनी त्यांची जुनी ओम्नी काढली, जी एरवी केळीचे घड वाहते. मागची सीट नव्हतीच, गोणपाटं अंथरून आम्ही तिघी बसलो: मी, सासूबाई आणि आशाताई. त्या येणार आहेत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं. घरी त्यांची दोन मुलं होती. गाडीत चढताना त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं की भात झाकून ठेवलेला आहे, जेवून झोपा.

सासरे नारळ घेऊन पायरीवर उभे होते. पाऊस अंगावर घेत त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराक घेवन घरची माणसा वाटेक लागतत. वाटेत काय इडापिडा आसात ती दूर करून तेंका सुखरूप पोचव रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," आबा स्टिअरिंगवरूनच म्हणाले. मी शहरात शिकलेली. गाऱ्हाण्याला मी आजवर नुसती हात जोडून उभी राहायचे. त्या रात्री माझ्या तोंडून 'व्हय म्हाराजा' निघालं आणि ते मनापासून निघालं.

वाडी सोडून दीड किलोमीटर गेलो असू. पुढून एक मोटारसायकल दिवा उघडझाप करत आली. वळणापलीकडे हत्ती होते.

२००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती तिलारीच्या खोऱ्यात उतरले, तेव्हापासून ते आमच्या जगण्याचा भाग आहेत. माडबागायती, केळी, भेडले माड, सगळं मोडून खातात. कुठल्या वाडीत आलेत याचे निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्या संध्याकाळीही निरोप आला असणार, पण फोन कोण बघत होतं? आबांनी दिवे मालवले, इंजिन बंद केलं. हॉर्न द्यायचा नाही, मागे घ्यायला रस्ता नाही. थांबायचं.

किती वेळ थांबलो? आबा म्हणतात पंधरा मिनिटं. अंधारात पाऊस टपावर कोसळत होता आणि मला तिचा श्वास ऐकू येत नव्हता. आशाताईंनी पदराआड मोबाईलचा उजेड धरला, परत झबलं वर केलं आणि मोजायला लागल्या. मला सांगितलं, तिला आडवी धरू नको, उभी धर, पाठ तुझ्या छातीला टेकव, मान पुढे पडू देऊ नको. पाजायला बघू नको आता. तोंडात काही घालायचं नाही. त्या अंधारात मला करायला काहीतरी काम होतं, मान सांभाळायचं, म्हणून मी शाबूत राहिले. पलीकडे काहीतरी मोडल्याचा मोठा आवाज झाला, मग बराच वेळ काही नाही. मग त्या मोटारसायकलवाल्याने पुढे जाऊन बघितलं आणि हाक मारली.

वाटेतल्या पहिल्या दवाखान्यात एकच तरुण डॉक्टर होता आणि त्याच्यासमोर फुरसं चावलेला माणूस. तरी तो उठून आला. पायाच्या अंगठ्याला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, ८४. चांगला आकडा ९५च्या वर असतो. मुलांच्या डॉक्टरांची जागा तिथे रिकामी होती. ऑक्सिजन होता, पण एवढ्या लहान नाकाला बसेल अशी नळी नव्हती. त्याने मोठ्या माणसाचा मास्क तिच्या तोंडासमोर वाटीसारखा धरला, आकडा ९०वर आला. चिठ्ठी लिहिली. "पुढे न्या."

'पुढे न्या' हे शब्द आमच्या भागात प्रत्येक घराने ऐकलेले आहेत. बाळंतिणीसाठी, छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्यासाठी, गाडीवरून पडलेल्या पोरासाठी. पुढे म्हणजे कुठे, हे विचारावं लागत नाही. पुढे म्हणजे बांबोळी. गोवा मेडिकल कॉलेज. १८४२ मध्ये पोर्तुगिजांनी पणजीत सुरू केलेल्या वैद्यक शाळेचा हा वारसा, आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांचा शेवटचा भरवसा. २०१८ मध्ये तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा आमच्या तालुक्यात आंदोलन उभं राहिलं, दोडामार्ग गोव्यातच घाला अशी मागणीसुद्धा झाली. बाहेरच्यांना ती चमत्कारिक वाटली असेल. मला वाटली नाही. माणूस अडीअडचणीला ज्या दिशेला धावतो, ती त्याची राजधानी. आजारी तान्ह्या बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं, ने-आण वर्षभर फुकट, असं २०११ मध्ये सुरू झालेला जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम सांगतो, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण फुकट काय आहे यापेक्षा रात्री नऊला काय आहे, हे मला त्या वेळी हवं होतं. लहान नाकाची एक नळी हवी होती.

त्या तरुण डॉक्टरने दोन गोष्टी केल्या, ज्यांसाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे. बांबोळीला स्वतः फोन करून सांगितलं की असं असं बाळ येतंय. आणि एक छोटा सिलिंडर आमच्या गाडीत चढवला. तो परत करायची जबाबदारी कुणाची, म्हणून रजिस्टरवर सही हवी होती. सही आशाताईंनी केली.

दोडामार्गचा नाका, अस्नोडा, म्हापसा. सासूबाई सिलिंडर दोन्ही पायांत धरून बसल्या होत्या, मी मास्क धरला होता, आशाताई मोजत होत्या. शहात्तर. अठ्ठ्याहत्तर. म्हापशाला नवरा मोटारसायकल घेऊन उभा होता, तो मागे लागला. तिथल्या आझिलो दवाखान्यात न थांबता थेट जा असं डॉक्टरने बजावलं होतं. पर्वरीच्या आसपास आशाताईंनी मोजलं आणि म्हणाल्या, "छप्पन." मला हायसं वाटलं. मी म्हटलं, कमी होतंय, बरं वाटतंय तिला. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे वाकून आबांना म्हणाल्या, "आबानू, जरा जोरात."

नंतर कितीतरी दिवसांनी त्यांनी मला सांगितलं. दमलेल्या बाळाचा श्वास कमी होतो. बरं वाटून कमी होणं वेगळं, थकून कमी होणं वेगळं. तिला तेव्हा कण्ह सुटली होती, प्रत्येक श्वास सोडताना बारीक 'अं, अं'. हे त्यांनी पाहिलं होतं आणि आईला सांगायचं नाही हेही ठरवलं होतं. मांडवीच्या नव्या पुलावर, अटल सेतूवर, पावसात दिवे धूसर दिसत होते. सासूबाई खाली बघून एकसारखं काहीतरी पुटपुटत होत्या.

बांबोळीला ज्या तरुण मुलीने तिला माझ्या हातातून घेतलं, ती डॉक्टर आहे हे मला नंतर कळलं. तिने तिला टेबलावर ठेवलं आणि कुणाला काही विचारायच्या आधी झबलं वर केलं. बघितलं. एवढंच मला दिसलं आणि मी भिंतीला टेकले. मग माणसं गोळा झाली, नाकातला शेंबूड ओढून काढला, नाकाला अगदी बारीक दोन टोकांची नळी बसली, तिच्यातून ऊबदार दमट हवा जोरात जायला लागली. एक नर्स माझ्या पाठीवर हात ठेवून कोंकणीत म्हणाली, "भियेनाका." आकडा चढत गेला. ८८, ९१, ९४.

आजाराचं नाव ब्रॉन्किओलायटिस. श्वासनळीला फांद्या फुटत फुटत शेवटी डहाळ्या होतात, त्या डहाळ्यांचा आजार. मोठ्यांना नुसती सर्दी करणारा विषाणू, बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा, तान्ह्यांच्या या सुतासारख्या नळ्या सुजवतो. वर चिकटा साचतो. हवा आत शिरते पण बाहेर निघायला वाट नाही, म्हणून पोट उडतं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, खोकल्याच्या बाटलीचाही उपयोग नाही. ऑक्सिजन द्यायचा, नाक मोकळं ठेवायचं, पोटात दूध जात राहील असं बघायचं, आणि बाळ स्वतः लढून बाहेर येईतोवर त्याला आधार द्यायचा. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत चढतं, मग उतरतं. म्हणजे मी तिला बाजारपेठेत दाखवलं तो दिवस चढणीचा होता. उद्या आणखी वाईट होईल, हे त्या सकाळी कुणीतरी मला सांगायला हवं होतं.

पाच रात्री राहिलो. नाकातल्या नळीतून दूध जायचं. मी दर दोन तासांनी स्टीलच्या वाटीत दूध पिळायची आणि नर्स ते सिरिंजने सोडायची, सावकाश, जणू कुंडीतल्या रोपाला. वॉर्डात कारवारची एक बाई होती, काणकोणची एक, सावंतवाडीची एक. रात्री सगळ्याजणी एकमेकींच्या बाळांचे आकडे वाचायच्या. आपल्या भाषा थोड्या थोड्या वेगळ्या, पण 'किती आला?' एवढं सगळ्यांना कळायचं.

चौथ्या रात्री नळीचा जोर कमी केला आणि तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला सांगितलं की माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. पाच महिन्यांचा. आषाढच होता. असंच पोट उडत होतं. तेव्हा गावात रस्ता नव्हता, ओढ्याला पूर होता. रात्रभर ओव्याचा धूर देत बसल्या. "माका तेचा पोट दिसला व्हता गो," त्या म्हणाल्या. "पण तेचा नाव काय ता माका ठावक नव्हता." त्या रात्री शेगडीवर पाणी ओतताना त्यांच्या डोळ्यांसमोर काय असेल, याचा विचार मी तोपर्यंत केलाच नव्हता.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत आशाताई मुंबईला गेल्या. राज्यभरातल्या आशा आझाद मैदानावर बसल्या होत्या, मानधनवाढीसाठी, सरकारने कबूल केलेल्या गोष्टीचा आदेश काढावा म्हणून. टीव्हीवर त्या गर्दीत मी त्यांना शोधत होते. कुणीतरी माझ्यासमोर म्हणालं, ह्यांना काय कमी आहे, गावभर फिरतात नुसत्या. मी एरवी भांडणारी नाही. त्या दिवशी भांडले. जगात दर वर्षी पाच वर्षांखालची सात लाखांहून जास्त मुलं न्यूमोनियाने मरतात. माझी मुलगी त्यांत नाही, कारण एक बाई ओल्या साडीने वाट वाकडी करून आली.

आम्ही बांबोळीहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या. पाऊस उघडला होता. सिलिंडर त्यांनी त्याच रात्रीच्या पहाटे, पहिल्या एसटीने, स्वतः परत नेऊन दिला होता आणि रजिस्टरवरची सही कापून घेतली होती. आता त्यांच्या हातात कार्ड होतं. तिसऱ्या महिन्याच्या भेटीवर माझी सही राहिली होती.

"सही कर गो," त्या म्हणाल्या. "तारीख त्या रातीची घाल. नायतर पैशे गावाचे नाय."

मी विचारलं, किती मिळतात एका भेटीचे?

"पन्नास."

मला पेन धरता येईना. त्यांनी कार्ड माझ्या गुडघ्यावर ठेवलं आणि हात धुवायला पागोळीकडे गेल्या. परत येऊन बसल्या, मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. मी न सांगता झबलं वर केलं. आत सासूबाई भांडी घासत होत्या, त्या थांबल्या. पोट सावकाश वर येत होतं, सावकाश खाली जात होतं. खळगा नव्हता. चेडू आशाताईंच्या घड्याळाचा पट्टा पकडायला बघत होती.

"अडतीस," त्या म्हणाल्या, आणि कार्डावर लिहून घेतलं.